काक्षी मंद झाला तेव्हापासून: खगोलभौतिकीपर्यंतची वाट आणि पुढचं

शततारका:
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. मी एमेस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे आणि पुढे खगोलभौतिकीत पीएचडी करायचं हे आता जवळपास ठरलंय. 'मला ॲस्ट्रोफिजिक्स करायचंय, सुरुवात कुठून करू' असं नवी मुलं सारखं विचारतात, त्यांना कोर्सेसची यादी देण्यापेक्षा माझं काय झालं ते सांगते. शेवटी मलाही जाणत्यांना काही विचारायचंय.

सुरुवात काक्षीपासून झाली. २०१९ संपता संपता बातम्या यायला लागल्या की मृगातला तो तांबूस तारा मंद होत चाललाय, फुटणार की काय. माझी दहावी होती, अभ्यास आटोपला की रात्री बाहेर जाऊन बघायचे. आधी नुसतीच बघत बसायचे, मग एकांनी सांगितलं की नुसतं बघू नकोस, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघ. रोहिणीची प्रत साधारण ०.९, मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याची १.६ (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे पहिल्यांदा उलटंच वाटतं). एरवी काक्षी रोहिणीपेक्षा ठळक असतो. डिसेंबरच्या शेवटी तो रोहिणीहून फिका दिसला आणि फेब्रुवारीत तर दुसऱ्या खांद्याच्या बरोबरीला येऊन बसला. मी रोज वहीत आकडा आणि तारीख लिहायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तारा फुटला नाही. २०२१ मध्ये त्याचं कारण छापून आलं, ताऱ्याने वायू बाहेर टाकला होता, पृष्ठभागाचा एक भाग थंड पडला, त्या वायूची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या नजरेच्या आड आली. मला आठवतंय मी ते वाचून वही काढली, आलेखाच्या कागदावर माझे ठिपके मांडले आणि मोठ्या दुर्बिणवाल्यांची जी उतरती रेघ होती तशीच माझीही होती, जरा वेडीवाकडी, पण तीच. तोपर्यंत मला आकाश 'आवडायचं'. त्या दिवशी कळलं की नुसत्या डोळ्यांनीसुद्धा मोजता येतं आणि मोजलं की ते दुसऱ्या कुणाच्या मोजण्याशी जुळतं. माझ्यासाठी सगळं तिथून बदललं.

मग बीएस्सी, आणि पहिली दोन वर्षं तारा म्हणून काही नाही. मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, प्रॅक्टिकलला लेन्स आणि गॅल्व्हानोमीटर. खरं सांगायचं तर मी खूप निराश झाले होते, वाटायचं आपण भलतीकडेच आलो. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी एका पल्सारचा (स्वतःभोवती गरगर फिरणारा मेलेला तारा, दर फेरीला त्याच्याकडून रेडिओलहरींचा एक ठोका, म्हणजे पल्स, येते) डेटा हातात आला आणि मागची दोन वर्षं कशासाठी होती ते एका आठवड्यात कळलं.

तो पल्सार म्हणजे बी ०३२९+५४, ०.७१४५ सेकंदात एक फेरी. डेटा उघडला तर स्क्रीनवर करड्या रंगाची वाळू पसरल्यासारखं दिसत होतं, पल्स कुठेच नाही. कारण असं की तारे आणि आपल्यामधली जागा अगदी रिकामी नसते, तिथे सुटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यातून येताना कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओलहरी जास्त रेंगाळतात. ५०० मेगाहर्ट्झला जी पल्स आली तीच ३०० मेगाहर्ट्झला येते जवळजवळ ०.७९ सेकंदांनी. म्हणजे एका फेरीच्या वेळेपेक्षा जास्त! खालच्या फ्रिक्वेन्सीला आधीची पल्स पोचायच्या आत वरच्या फ्रिक्वेन्सीला पुढची येऊन जाते. प्रत्येक चॅनेल (फ्रिक्वेन्सीचा एकेक पट्टा) तेवढा तेवढा मागे सरकवला, फेरीच्या काळावर घड्या घालत पाच हजार फेऱ्या एकावर एक रचल्या आणि वाळूतून एक टोकदार सुळका वर आला. मी तो कोड परत परत चालवला, नुसतं बघायला.

आता हे ऐका. त्या उशिरावरून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन आहेत ते निघतं. पृथ्वीपासून त्या ताऱ्यापर्यंत एक चौरस सेंटिमीटर जाडीची सरळ नळी कल्पना करा, हजारो प्रकाशवर्षं लांब. त्या अख्ख्या नळीत जेवढे सुटे इलेक्ट्रॉन आहेत त्याच्या दोनशे पट इलेक्ट्रॉन पाण्याच्या एका थेंबात असतात. मी हे गणित तीनदा केलं, विश्वासच बसेना. इतक्या विरळ गोष्टीने पल्स पाऊण सेकंद मागे पडते आणि आपण ते मोजू शकतो.

पुढे काय करायचंय तर पल्सार टायमिंग. २०२३ च्या जूनमध्ये वेगवेगळ्या देशांच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की पल्सारांच्या ठोक्यांमध्ये अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची (अवकाशालाच ताणत-आखडत जाणाऱ्या लहरींची) खूण दिसतेय, एकेक लहर कित्येक वर्षांची. त्यासाठी अमेरिकेतल्या गटाचा १५ वर्षांचा डेटा लागला, युरोपच्या गटाकडे तर २५ वर्षांचा होता आणि त्यांच्या कामात आपल्या पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही वाटा होता. इतकी वर्षं कोणीतरी न कंटाळता ठोके मोजत राहिलं हे मला फार भारी वाटतं. मोठा शोध माझ्या नावावर लागावा असं काही नाही, पण पन्नास वर्षं चालणाऱ्या मोजणीत माझी पाच-दहा वर्षं असावीत असं मनापासून वाटतं.

प्रश्न असा, जे यात आहेत किंवा होते त्यांना. इतक्या लांब पल्ल्याच्या कामात पीएचडीची पाच-सहा वर्षं टाकली तर हातात स्वतःचं म्हणावं असं काही येतं का? आणि पुढचं सगळं अनिश्चित असताना मन कसं टिकवलंत?

भटक्या_फोटॉन:
छान लिहिलंय. मी सध्या दुसरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी) करतोय, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलतो. स्वतःचं काही येतं का, तर हो, नक्की येतं, पण ते लहान असतं आणि ते लहान आहे याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. माझ्या थिसिसचं दीड वर्ष एका गोष्टीत गेलं, दुर्बिणीच्या घड्याळात आणि ठोक्यांच्या हिशोबात कुठेतरी काही मायक्रोसेकंदांची उडी होती ती शोधण्यात. सापडली. त्यावर पेपरमध्ये एक परिच्छेद आहे. पण ती उडी काढल्याशिवाय पुढचा एकही आकडा खरा नव्हता.

अनिश्चिततेचं म्हणशील तर पीएचडीनंतर दोन-दोन तीन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, प्रत्येक वेळी नवीन देश नवीन भाषा, घरच्यांपासून लांब, आणि कायमच्या जागा उमेदवारांच्या मानाने फारच थोड्या. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतोय. मी तरी दर दोन वर्षांनी स्वतःला विचारतो की अजून सकाळी उठून डेटा उघडावासा वाटतो का. आत्तापर्यंत उत्तर हो आलंय.

एक सल्ला, गाइड निवडताना विषयापेक्षा माणूस बघ. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोल, एकटीने, ते समोर नसताना. विषय वर्षभरात आवडायला लागतो, माणूस बदलत नाही. माझ्या पहिल्या गाइडबरोबर माझं पटलं नाही आणि दोन वर्षांनी मी गट बदलला, ती दोन वर्षं फार जड गेली.

अकरावी_सायन्स:
ताई खूपच मस्त!! मी पण अकरावीला आहे आणि मला पण हेच करायचंय पण मला गणितात ७० च्या आसपास पडतात, फिजिक्स आवडतं पण गणित म्हटलं की भीती वाटते. मग माझं होईल का? आणि त्या मृगाच्या दुसऱ्या खांद्याचं नाव काय?

शततारका:
@अकरावी_सायन्स त्याला इंग्रजीत बेलाट्रिक्स म्हणतात. गणिताचं सांगू का, मलाही बारावीला इंटिग्रेशन पाठ करूनच यायचं, अर्थ पल्सारच्या वेळी लागला. तू आत्ता गणित सोडू नकोस फक्त, वेग कमी असला तरी चालेल. जे उदाहरण सुटत नाही ते दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत घे, उत्तर न बघता. आणि पायथॉन शिकायला लाग, आजपासून, त्यात स्वतःच आलेख काढता आले की गणित डोळ्यांना दिसायला लागतं.

फळा_खडू:
मी बीएस्सीला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवतो. शततारकाने लिहिलंय तसं दोन वर्षं तारा दिसत नाही म्हणून हिरमुसलेली मुलं मी दर वर्षी बघतो, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

सूर्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ज्या रेषा दिसतात त्या फार गडद नाहीत, लोखंड कॅल्शियम यांच्या रेषा भरपूर. मग सूर्य लोखंडाचा असणार असं वाटणं साहजिक आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी भल्याभल्यांना वाटायचं की सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखीच आहे. आता हिशोब करा. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या रेषा उमटायला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला लागतो. त्यासाठी १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा हवी, आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५८०० केल्विन, म्हणजे उष्णतेच्या धक्क्यांची ऊर्जा असते अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट. कुठल्या तापमानाला किती अणू वरच्या पातळीवर असतील ते सांगणारं, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधलंच बोल्ट्झमनचं सूत्र घातलं की येतं, अठरा-वीस कोटी अणूंमागे एखादाच अणू त्या अवस्थेत आहे! आणि तरीही रेषा दिसते. मग हायड्रोजन किती प्रचंड असला पाहिजे? अभिजित ताऱ्याचं तापमान साडेनऊ हजारांच्या वर, त्याच्या वर्णपटात याच रेषा ठसठशीत दिसतात, तिथे हायड्रोजन जास्त आहे म्हणून नव्हे, तापमान जुळलंय म्हणून.

मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं (अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं) समीकरण दिलं आणि ते हाताशी घेऊन सेसिलिया पेन हिने १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल हे खगोलशास्त्रातलं तेव्हाचं फार मोठं नाव, त्यांना ते पटलं नाही आणि तिला प्रबंधात लिहावं लागलं की हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले आणि त्यांनी तिचं काम मान्य केलं. प्रबंध लिहिला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंही वही उघडतात. तर पोरांनो, जो विषय तुम्हाला ताऱ्यांच्या आड येतोय असं वाटतं तो आड येत नाहीये, ताऱ्यांचं सगळं त्यातच आहे.

एक_आई:
मी विज्ञानातली नाही, बँकेत नोकरी करते. माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचंही हेच चाललंय. वरती भटक्या_फोटॉन यांनी लिहिलेलं वाचून पोटात गोळा आला. मी तिला अडवणार नाही, तिच्या डोळ्यांत जे दिसतं ते मला कळतं, पण नोकरीच मिळाली नाही तर तिने काय करायचं? आम्ही जन्मभर पुरणार नाही. कोणी बाहेर पडलेलं असेल तर त्यांनी लिहावं.

रेडिओवाला:
मी बाहेर पडलो, काकू. रेडिओ इंटरफेरोमेट्रीत पीएचडी केली, एक पोस्टडॉक केली, मग घरी वडिलांची तब्येत बिघडली आणि परत परत देश बदलणं जमेना. आता आठ वर्षं झाली, एमआरआयच्या प्रतिमा तयार करण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो.

आणि यात मला काही मागे सोडून आल्यासारखं वाटत नाही, कारण सांगतो. रेडिओ दुर्बिणीच्या ॲरेला आकाशाचं चित्र थेट मिळत नाही. जीएमआरटीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटरची, त्यातल्या कुठल्याही दोन घेतल्या की त्यांच्यातल्या अंतराप्रमाणे चित्राचा एक घटक मिळतो, ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचा म्हणा. अशा ४३५ जोड्या. पृथ्वी फिरते तशा जोड्या आकाशाकडून बघताना वळत जातात आणि आणखी घटक मिळतात, तरी बरेच राहूनच जातात, आणि त्या अर्धवट घटकांवरून पूर्ण चित्र उभं करायचं. एमआरआयचं यंत्रही शरीराचा फोटो काढत नाही, तेसुद्धा असेच घटक मोजतं. रुग्णाला आत कमी वेळ ठेवायचं तर कमी घटक मोजायचे आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं. पहिल्या दिवशी मला समजावून सांगायला बसले आणि मी म्हटलं हे मला येतं. लहान मुलांना त्या मशीनमध्ये फार वेळ स्थिर पडून राहणं जमत नाही, स्कॅन काही मिनिटांनी कमी झाला तरी फार फरक पडतो. त्या कामाचं मला समाधान आहे.

तेव्हा मुलीला एवढंच सांगा की कोड नीट लिही, दुसऱ्याला वाचता येईल असा लिही, आणि संख्याशास्त्र मनापासून शिक. तेवढं असलं की दारं बंद होत नाहीत. पण हेही खरं की बाहेर पडायचं ठरवलं ते वर्ष मला फार कठीण गेलं, आपण हरलो असं वाटायचं. त्या वर्षी घरचे पाठीशी होते, तुम्हीही राहा.

एक_आई:
मनापासून आभार. आज रात्री तिला हे वाचून दाखवते.

भटक्या_फोटॉन:
@रेडिओवाला हे वाचून मलाही बरं वाटलं. आमच्या क्षेत्रात बाहेर पडणाऱ्यांबद्दल 'सोडलं त्याने' असं हळू आवाजात बोलतात, ते बंद व्हायला हवं.

शततारका:
सगळं दोनदा वाचलं. @एक_आई तुमची पोस्ट मी माझ्या आईला दाखवली, ती बराच वेळ गप्प होती.

भटक्या_फोटॉन यांनी घड्याळातल्या उडीचं लिहिलंय त्यावरून एक सांगते, जे आधी लिहिलं नव्हतं. प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या एका डेटात मला वाटलं की नवीनच पल्सार सापडला. फूरिए रूपांतर (डेटात ठरावीक काळाने परत परत काय येतंय ते दाखवणारं गणित) केलं तर एक उंच रेघ, अगदी स्वच्छ, काळ २० मिलिसेकंद. त्याच्या पटींनाही रेघा. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी सरांना दाखवलं, त्यांनी एकच प्रश्न विचारला, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना उशीर किती आहे? बघितलं तर उशीर शून्य. सगळ्या चॅनेलना एकाच क्षणी. म्हणजे वाटेत इलेक्ट्रॉन नाहीतच, म्हणजे तो सिग्नल ताऱ्यांमधून आलेलाच नाही. २० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ५०, म्हणजे विजेच्या तारांमधला ५० हर्ट्झचा करंट. त्या दिवशी खूप रडू आलं, आणि दुपारी परत बसून ती रेघ डेटातून काढून टाकायचा कोड लिहिला. तो कोड आता आमच्या लॅबमधली दुसरी मुलं वापरतात.

पहिला पल्सार जिला सापडला ती जोसलिन बेल १९६७ मध्ये रोज साधारण ३० मीटर कागदाची पट्टी डोळ्यांनी तपासायची, विद्यार्थिनीच होती ती. तिच्याही पट्टीवर माणसांनी केलेला गोंगाट भरपूर होता. पण एक खरवडल्यासारखी खूण दर वेळी आकाशाच्या त्याच जागेवरून यायची, घड्याळाच्या वेळेने नाही, ताऱ्यांच्या वेळेने, रोज चार मिनिटं आधी. २८ नोव्हेंबरला कागद वेगाने फिरवून तिने ठोके वेगळे केले, १.३३७ सेकंदांना एक. विजेच्या तारेचा सिग्नल ओळखता येणं आणि पल्सार ओळखता येणं ही एकच विद्या आहे असं मला आता वाटतं, आणि ती मला यायला लागलीय. म्हणून मी अर्ज करतेय. तीन ठिकाणी, तिन्ही पल्सारचे गट, आणि तिन्हीकडच्या विद्यार्थ्यांना आधी मेल टाकलेत, गाइड कसे आहेत ते विचारायला. दोघांची उत्तरं आली, एकाने तर फोनवर तासभर बोलून घेतलं.

फळा_खडू:
शाब्बास. आणि तो कोड सगळ्यांना वापरता येईल असा खुला ठेव, त्याचं नाव प्रबंधात येऊ दे.

अकरावी_सायन्स:
ताई मी काल आणि आज काक्षी बघितला!! रोहिणीपेक्षा ठळक वाटला मला. मी काल ०.५ लिहिलंय आणि आज ०.३. एका दिवसात एवढा बदलतो का?

शततारका:
अरे वा! नाही, एका दिवसात नाही एवढा बदलत. किती वाजता बघितलास? क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, तारा असतो त्यापेक्षा मंद दिसतो. काक्षी आणि रोहिणी दोन्ही चांगले वर आल्यावरच तुलना कर. आणि लाल ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, जितका वेळ बघशील तितका तो ठळक वाटत जातो, डोळ्यांचा गुण आहे तो. पटकन एकाकडे, पटकन दुसऱ्याकडे, की लगेच आकडा लिहायचा. कालचा आकडा खोडू नकोस हां, तसाच राहू दे, बाजूला काय चुकलं असेल ते लिही.

अकरावी_सायन्स:
काल साडेसातला बघितला, तेव्हा काक्षी बिल्डिंगच्या जरा वर होता. आज दहाला. खोडत नाही. उद्या परत दहालाच बघतो.